विनिपेग नॉर्थ : हरलेल्या संपाचा मतदारसंघ



व्याख्यानमालेच्या चालकांनी मला 'कामगार चळवळ' असा विषय सुचविला होता. त्या विषयावर मी तीस वर्षे गेटसभांतून बोलत आलो आहे आणि तुमच्यापैकी पुष्कळांनी ते ऐकलेही आहे. म्हणून आज त्याच विषयाकडे एका निराळ्या दाराने जावे असे ठरविले. मी तुम्हांला कॅनडातील एका शहरी मतदारसंघाची हकीकत सांगणार आहे. कॅनडा मी पाहिलेला नाही. पाहिला आहे तो पुस्तकांतून, निवडणुकांच्या निकालांतून आणि संपांच्या इतिहासातून. परंतु आम्हा युनियनवाल्यांना एक प्रश्न सतत छळत असतो, आणि त्याचे जितके स्पष्ट उत्तर या मतदारसंघाने दिले आहे तितके मला दुसरीकडे कोठे सापडले नाही. प्रश्न असा, की संप हरल्यावर मागे काय उरते?

आपल्याकडे १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. त्या संपाचे पुढे काय झाले ते या सभागृहातील प्रौढ मंडळींना सांगावयास नको. पुष्कळांच्या घरातच तो इतिहास आहे. १९८४ साली देशभर काँग्रेसची लाट असताना गिरणगावाने डॉ. दत्ता सामंतांना अपक्ष म्हणून लोकसभेत पाठविले. संप हरलेले लोक मतपेटीजवळ जाऊन बोलले! पण पुढच्याच, म्हणजे १९८९ च्या निवडणुकीत ती जागा गेली. विनिपेगचा संपही हरला होता. मात्र तेथील कामगारवस्तीने आपली जागा दोन पिढ्यांहून अधिक काळ, मधले काही पराभव सोडता, हातची जाऊ दिली नाही. हे कसे घडले आणि पुढे ती जागाही का गेली, ते पाहू.

प्रथम भूगोल. कॅनडाच्या अगदी मध्यावर, मॅनिटोबा प्रांतात, रेड आणि असिनिबोइन या दोन नद्यांच्या संगमावर विनिपेग शहर वसले आहे. तीच प्रांताची राजधानी. हिवाळ्यात रात्रीचे तपमान शून्याखाली वीस अंशांच्याही पलीकडे जाते. शहराच्या पोटातून कॅनेडियन पॅसिफिक रेल्वेचे प्रचंड यार्ड पूर्व-पश्चिम गेले आहे. या यार्डाच्या दक्षिणेला बाजारपेठ, बँका, धनिकांचे बंगले. उत्तरेला कामगारांची वस्ती. तिलाच 'नॉर्थ एंड' म्हणतात. रुळांच्या अलीकडचे आणि पलीकडचे हा भेद तेथे शंभर वर्षांहून जुना आहे. यार्ड ओलांडावयास १९१२ साली बांधलेला आर्लिंग्टन पूल २०२३ च्या नोव्हेंबरात असुरक्षित म्हणून वाहनांना बंद झाला. दोन्ही काठांतील अंतर आजही गेलेले नाही, हे एवढ्यावरून ध्यानात येईल.

या नॉर्थ एंडला पोटात घेणारा लोकसभेचा मतदारसंघ म्हणजे विनिपेग नॉर्थ. तेथे मतदारसंघाला बोलीभाषेत 'रायडिंग' म्हणतात. घोडेस्वारीशी याचा काही संबंध नाही. इंग्लंडातील यॉर्कशर परगण्याचे पूर्वी तीन भाग होते, आणि 'तिसरा हिस्सा' अशा अर्थाच्या एका जुन्या शब्दाचा तो अपभ्रंश आहे. त्यांच्या हाउस ऑफ कॉमन्समध्ये, म्हणजे लोकसभेत, २०२५ च्या निवडणुकीपासून ३४३ जागा आहेत. त्यांपैकी मॅनिटोबाच्या वाट्याला १४. २०२१ च्या जनगणनेत प्रांताची वस्ती साडेतेरा लाखांच्या आत होती. म्हणजे एका मतदारसंघात सरासरी ९५-९६ हजार माणसे, मुलेबाळे धरून. आपल्याकडे एका खासदारामागे पंधरा-वीस लाख नुसते मतदार असतात! तेथील खासदाराला मनात आणले तर आपला मतदारसंघ दारोदार हिंडून पुरा करता येतो, आणि मतदारालाही त्याला रस्त्यात गाठता येते. मतपत्रिका अजून कागदाची. पेन्सिलीने खूण करावयाची आणि मोजणी हाताने. सीमा दर दहा वर्षांनी स्वतंत्र आयोग आखतो, त्यामुळे नावे आणि हद्दी बदलत राहतात. विनिपेग नॉर्थच्या शेजारी पूर्वी 'विनिपेग नॉर्थ सेंटर' नावाचा जुळा मतदारसंघ होता. नॉर्थ एंडची हकीकत या दोघांची मिळून आहे, म्हणून मी दोघांचीही सांगणार आहे.

आता माणसे. १८८० नंतर रेल्वे आली आणि तिच्याबरोबर पूर्व युरोपातून माणसांचे लोंढे आले. युक्रेनी, पोलिश, जर्मन, आणि झारच्या राज्यातील जुलमाला कंटाळून निघालेले ज्यू. स्टेशनावर उतरले की जवळच्या वस्तीत भाड्याची खोली घ्यावयाची, आणि एकेका खोलीत चार-सहा जणांनी पाठ टेकावयाची. आपल्या चाळींतील गाळ्यांची ज्यांना माहिती आहे त्यांना हे चित्र समजावून सांगावे लागणार नाही. सेल्कर्क अ‍ॅव्हेन्यूवर दुकाने, प्रार्थनामंदिरे, निरनिराळ्या भाषांतील वर्तमानपत्रे. १९०४-०५ साली शहरात विषमज्वराची साथ आली तेव्हा सर्वांत अधिक माणसे याच भागात दगावली. कारण पाण्याचे नळ आणि मैल्याची गटारे यार्डाच्या दक्षिणेला पुरी झाली होती आणि उत्तरेला अपुरी होती.

या वस्तीत जेम्स शेव्हर वुड्सवर्थ नावाचे एक मेथॉडिस्ट पाद्री १९०७ ते १९१३ पर्यंत 'ऑल पीपल्स मिशन' ही संस्था चालवीत होते. १९०९ साली त्यांनी या परक्या लोकांविषयी एक पुस्तक लिहिले. आज ते वाचले तर मन खट्टू होते. कोणत्या वंशाचे लोक चांगले, कोणते कमी प्रतीचे, असा त्या काळचा सरसकट पूर्वग्रह त्यात आहे. परंतु माणसाचे शिक्षण पुस्तक लिहून संपत नाही. ज्यांना सुधारावयास ते गेले होते त्यांच्या शेजारी राहून तेच सुधारत गेले. पहिल्या महायुद्धाला विरोध म्हणून १९१८ साली त्यांनी पाद्रीपणाचा राजीनामा दिला आणि व्हँकूव्हरच्या बंदरात ते हमालीला लागले. चाळिशी उलटलेला, शरीराने किरकोळ असा माणूस गोदीकामगारांच्या युनियनचा सभासद झाला.

त्या युद्धाच्या काळात नॉर्थ एंडवर आणखी एक घाव बसला. १९१७ सालच्या युद्धकालीन निवडणूक कायद्याने, शत्रुराष्ट्रात जन्मलेल्या आणि ३१ मार्च १९०२ नंतर नागरिकत्व मिळालेल्या लोकांचा मताधिकार काढून घेतला. ऑस्ट्रियाच्या साम्राज्यातून आलेले युक्रेनी त्यात सापडले. कारखान्यात घाम गाळावयास ते चालत होते. मतपेटीपाशी मात्र ते शत्रू ठरले. मताची किंमत ते हिरावून घेतल्याशिवाय माणसाला कळत नाही, असे मला वाटते.

महायुद्ध संपले. महागाई दुपटीच्या घरात गेली, मजुरी मागे राहिली, आणि आघाडीवरून परतलेल्या सैनिकांना काम मिळेना. १९१९ च्या मे महिन्याच्या आरंभी विनिपेगच्या इमारत-कामगारांनी आणि धातुकारखान्यांतील कामगारांनी संप केला. मागणी साधी होती : पगारवाढ, आणि युनियनशी बोलणी करा. मालक म्हणाले, आम्ही एकेका कामगाराशी बोलू, संघटनेशी बोलणार नाही. या उत्तराला शंभर वर्षे होऊन गेली तरी ते अजून ताजे आहे. मी स्वतः ते किती टेबलांवर ऐकले याची मोजदाद नाही! तेव्हा शहरातील सर्व युनियनांनी मतदान घेतले आणि प्रचंड बहुमताने सार्वत्रिक संप ठरला.

१५ मे १९१९. संपाची वेळ अकराची होती. पण सकाळी सातलाच टेलिफोनच्या मुली, सुमारे पाचशे जणी, पाळी संपवून उठल्या आणि त्यांच्या जागी दुसऱ्या कोणी बसल्या नाहीत. शहर मुके झाले. दोन लाखांच्या आतबाहेर वस्तीचे गाव; त्यात तीस हजारांच्या आसपास कामगार बाहेर पडले, आणि त्यांतील निम्म्याहून अधिक कोणत्याही युनियनचे सभासद नव्हते. दूध आणि पाव बंद पडल्यास हाल गरिबाच्याच लेकरांचे होणार, म्हणून त्या गाड्यांवर 'संपसमितीच्या परवानगीने' अशी पाटी लावून त्या चालू ठेवल्या. हेलन आर्मस्ट्राँग या बाईंनी संपकरी स्त्रियांसाठी फुकट जेवणाचे स्वयंपाकघर चालविले. ज्यांनी संप चालविला आहे त्यांना ठाऊक आहे की भाषणाने संप एक दिवस चालतो, पुढे तो चुलीवर चालतो.

दुसऱ्या बाजूने शहरातील धनिकांनी 'एक हजार नागरिकांची समिती' काढली. हा संप नव्हे, परकीयांनी केलेली बोल्शेव्हिक क्रांती आहे, असा तिने गिल्ला केला. वास्तविक पुढाऱ्यांपैकी बहुतेक ब्रिटनमध्ये जन्मलेले होते. पोलिसांना 'आम्ही युनियनशी संबंध ठेवणार नाही' अशा कागदावर सही करावयास सांगण्यात आले. त्यांनी नाकारले, म्हणून जवळजवळ सर्व शिपाई बडतर्फ झाले आणि त्यांच्या जागी दंडुकेवाले नवखे भरले. ब्रिटनमध्ये जन्मलेल्यांनाही चौकशीवाचून हद्दपार करता यावे म्हणून पार्लमेंटने घाईघाईने कायदा दुरुस्त केला. १७ जूनला पहाटे पुढाऱ्यांना अटक झाली. २१ जूनला, शनिवारी, परतलेल्या सैनिकांनी मूक मिरवणूक काढली. ट्राम उलथविण्याचा प्रयत्न झाला. घोडेस्वार पोलिसांनी गर्दीवर गोळ्या झाडल्या. दोन माणसे प्राणास मुकली. २६ जूनला संप मागे घेण्यात आला.

वुड्सवर्थ त्या वेळी व्याख्यानांच्या दौऱ्यावर विनिपेगला आले होते. संपाच्या वर्तमानपत्राचे संपादक तुरुंगात गेल्यावर ते काम त्यांनी अंगावर घेतले आणि त्यांनाही राजद्रोही लिखाणाबद्दल पकडले. आरोपपत्रात बायबलातील यशया संदेष्ट्याची वचनेही घातली होती! ती फिर्याद पुढे चाललीच नाही. सरकारने नेमलेल्या रॉबसन आयोगानेदेखील पुढे सांगितले, की या संपाच्या मुळाशी कट नसून महागाई, अपुरी मजुरी आणि वाटाघाटींना दिलेला नकार ही कारणे होती. पण तोपर्यंत कित्येकांच्या नोकऱ्या गेल्या होत्या. मान्यता मिळाली नव्हती, पगार वाढला नव्हता. संप हरला होता.

आता खरा विषय सुरू होतो. हरलेल्या माणसांनी काय केले? १९२० साली मॅनिटोबाच्या विधानसभेची निवडणूक आली. संपाचे तीन पुढारी, आयव्हन्स, क्वीन आणि जॉर्ज आर्मस्ट्राँग, शिक्षा भोगत असतानाच निवडून आले. जॉन क्वीन पुढे अनेक वर्षे विनिपेगचे महापौरही झाले. १९२१ साली वुड्सवर्थ विनिपेग सेंटरमधून पार्लमेंटात गेले. मालमत्तेच्या हक्काआधी माणसाची गरज, ही त्यांची घोषणा होती. १९२५ साली मतदारसंघांची फेररचना झाली. वुड्सवर्थ विनिपेग नॉर्थ सेंटरमधून आणि शेजारच्या विनिपेग नॉर्थमधून अब्राहम हीप्स निवडून आले. हे हीप्स इंग्लंडातील लीड्सचे, ज्यू कुटुंबातील, धंद्याने गादीकाम करणारे कारागीर. संपाच्या खटल्यात त्यांनी स्वतःचा बचाव स्वतः केला आणि ते सुटले होते.

त्या पार्लमेंटात २४५ सभासद होते, त्यांत कामगारांचे दोन! दोन माणसांनी काय होणार, असे कोणीही म्हणाला असता. पण १९२५ च्या निवडणुकीत कोणत्याच पक्षाला बहुमत मिळाले नव्हते. या दोघांनी काय केले ते नीट ऐका. त्यांनी मंत्रिपदाची बोली लावली नाही. दोन्ही पक्षांच्या नेत्यांना, मॅकेन्झी किंग आणि आर्थर मीयन यांना, एकच पत्र लिहिले : बेकारांसाठी आणि वृद्धांच्या निवृत्तिवेतनासाठी तुम्ही या अधिवेशनात काय करणार? किंगनी वृद्धांच्या निवृत्तिवेतनाचे वचन लेखी दिले. तोंडी आश्वासनावर हे दोघे थांबले नाहीत, हा धडा प्रत्येक युनियनच्या कार्यकर्त्याने पाठ करावा. विधेयक १९२६ साली लोकसभेत मंजूर झाले. वरिष्ठ सभागृहाने ते फेटाळले. पुन्हा निवडणूक झाली, पुन्हा विधेयक आले, आणि १९२७ साली कायदा झाला. सत्तर वर्षांवरील गरजू माणसाला महिना जास्तीत जास्त वीस डॉलर, तेही उत्पन्नाची चौकशी करून आणि वीस वर्षांचा रहिवास पाहून. रक्कम तुटपुंजी होती, अटी मानहानीच्या होत्या. तरीपण कॅनडातील समाजसुरक्षेची पहिली वीट नॉर्थ एंडच्या दोन प्रतिनिधींनी बसविली, आणि एकही दगड न फेकता बसविली.

कायदेमंडळातील जागा म्हणजे सत्ता नव्हे, मित्रहो. ती एक खुंटी आहे. तिच्यावर आपला प्रश्न टांगून ठेवता येतो आणि उत्तर मिळेपर्यंत तो कोणाला खाली काढता येत नाही. मात्र खुंटी भिंतीत घट्ट असली पाहिजे, आणि ती भिंत म्हणजे मतदार.

ही भिंत किती घट्ट होती याचा एक दाखला. सप्टेंबर १९३९ मध्ये दुसऱ्या महायुद्धात उतरण्याचा प्रश्न आला. वुड्सवर्थ तोवर सीसीएफ या समाजवादी पक्षाचे अध्यक्ष झाले होते. त्यांचा स्वतःचा पक्ष युद्धाला पाठिंबा देत असताना ते एकटे विरोधात बोलावयास उभे राहिले. त्यांचे मत बरोबर होते असे मी म्हणत नाही. हिटलरला कोणी तरी आवरावयास पाहिजेच होते. त्यांच्या मतदारांतील अनेकांचे आप्त त्याच हिटलरच्या टाचेखाली सापडलेले होते. तरीही १९४० साली मतदारांनी त्यांना थोड्या मतांनी का होईना, परत निवडले. माणूस चुकत असेल, पण तो विकला जाणार नाही, एवढी खात्री त्यांना होती. त्याच निवडणुकीत शेजारी हीप्स मात्र पडले. मार्च १९४२ मध्ये वुड्सवर्थ वारले.

त्यांच्या जागी पोटनिवडणुकीत आले स्टॅन्ली नोल्स. धंद्याने छापखान्यातील जुळारी, पुढे पाद्री. १९४२ ते १९५८ आणि १९६२ ते १९८४ असा त्यांनी विनिपेग नॉर्थ सेंटरचा प्रतिनिधी म्हणून काळ काढला. मंत्री ते एक दिवसही झाले नाहीत. त्यांचे हत्यार एकच, सभागृहाच्या नियमांचे पुस्तक. खिळ्यांमागून खिळे जुळविणाऱ्या माणसाची चिकाटी त्यांनी त्या पुस्तकाला लावली. १९५६ साली वायुवाहिनीच्या विधेयकावर सरकारने चर्चा तोडावयास घेतली, तेव्हा नियमांवर बोट ठेवून सरकारला जेरीस आणणाऱ्यांत ते अग्रभागी होते. आणि पुढच्या वर्षी ते सरकार पडले. १९५७ साली नव्या पंतप्रधानांनी त्यांना सभापतिपद देऊ केले. ते त्यांनी नाकारले. सभापतीला वृद्धांच्या पेन्शनीवर बोलता येत नाही! १९५१ च्या कायद्याने उत्पन्नाची चौकशी रद्द होऊन सत्तरीवरील सर्वांना महिना चाळीस डॉलर मिळू लागले होते. ती रक्कम वाढावी आणि वय पासष्टावर यावे यासाठी नोल्स वर्षानुवर्षे उभे राहिले, आणि १९७० पर्यंत वय पासष्टावर आलेही. १९८४ साली निवृत्त झाल्यावर सभागृहाने त्यांना चिटणिसांच्या टेबलाशी मानाची खुर्ची दिली. विनिपेग नॉर्थ १९४० च्या पराभवानंतर १९४५ साली सीसीएफने परत घेतला, १९५८ च्या लाटेत पुन्हा गमावला, आणि १९६२ ते १९८८ डेव्हिड ऑर्लिको यांनी न्यू डेमोक्रॅटिक पक्षातर्फे सांभाळला. हा पक्ष १९६१ साली सीसीएफ आणि कॅनडाचे मध्यवर्ती कामगार काँग्रेस यांनी मिळून काढलेला; जन्म देणाऱ्यांत नोल्स होतेच.

आणि ज्या मागणीसाठी संप झाला तिचे काय? फेब्रुवारी १९४४ मध्ये केंद्र सरकारच्या हुकुमाने, बहुसंख्य कामगारांच्या युनियनशी बोलणी करणे मालकावर बंधनकारक झाले. युद्धकाळातील संपांनी आणि वाढत्या समाजवादी मतांनी सरकारला ते करावयास लावले. १९१९ पासून मोजा, पंचवीस वर्षे! टेलिफोनच्या त्या मुली तोवर प्रौढ बाया झाल्या होत्या.

हे सर्व गोड गोड सांगून मी थांबलो तर तुमची फसवणूक होईल. या हकीकतीला दोन काळ्या बाजू आहेत.

पहिली बाजू त्या भूमीच्या मूळ रहिवाशांची. १९२७ च्या पेन्शन कायद्यातून सरकारी नोंदीतील आदिवासींना वगळले होते. केंद्रीय निवडणुकीत त्यांना आपले आदिवासीपण न सोडता मत मिळाले ते थेट १९६० साली. विषमज्वराच्या शहराला स्वच्छ पाणी पाहिजे म्हणून दीडशे किलोमीटरच्या जलवाहिनीने शोल लेक सरोवराचे पाणी आणले. तेही १९१९ सालीच पोहोचले. त्या बांधकामात 'शोल लेक ४०' या आदिवासी वसाहतीची जमीन गेली, गाव कालव्याने तुटून बेटासारखे झाले. शहर त्यांचे सरोवर पीत होते आणि १९९७ पासून त्या गावाला मात्र पाणी उकळून पिण्याचा हुकूम होता! रस्ता झाला २०१९ साली; पाण्याचा हुकूम उठला २०२१ साली. ज्याला मत नाही त्याच्या वाट्याचे पाणी कोठे जाते, हे यावरून समजावे. आज कॅनडाच्या कोणत्याही मोठ्या शहरापेक्षा अधिक आदिवासी विनिपेगमध्ये राहतात, आणि नॉर्थ एंड ही त्यांची मोठी वस्ती आहे. देशातील अत्यंत गरीब भागांत तिची गणना होते. तेथे 'बेअर क्लॅन पेट्रोल' नावाचे स्वयंसेवकांचे पथक रात्री गस्त घालते. १९९२ साली सुरू झालेले ते काम मध्ये थांबले आणि २०१४ नंतर पुन्हा उभे राहिले.

दुसरी बाजू आमच्या चळवळीची. १९३५ साली विनिपेग नॉर्थमध्ये हीप्स यांच्याविरुद्ध कम्युनिस्ट पक्षाचे सरचिटणीस टिम बक उभे राहिले. एकाच संपाचे दोन वारसदार एकमेकांची मते खाऊ लागले. हीप्स त्या वेळी तरले. पण अशा भांडणाने भिंतीला ओल धरते. पुढे माणसे बदलली. युक्रेनी आणि ज्यू कुटुंबांची मुले शिकली, चांगल्या वस्तीत गेली. १९६८ पासून विनिपेगच्या कपडा-कारखान्यांनी फिलिपिन्समधून शिवणकाम करणाऱ्या स्त्रिया आणल्या. १९९८ च्या प्रांतिक योजनेने त्यांची आप्तमंडळी आली. आपल्या पंजाबातील कुटुंबे मोठ्या संख्येने तेथे स्थायिक झाली. १९८८ साली विनिपेग नॉर्थने ऑर्लिको यांना पाडून लिबरल पक्षाचे डॉ. रे पॅगटाखान यांना निवडले. कॅनडाच्या पार्लमेंटातील ते पहिले फिलिपिनो वंशाचे सभासद. मधल्या फेररचनेनंतर २००४ साली न्यू डेमोक्रॅटिक पक्षाच्या ज्युडी वासिलिशिया-लीस यांनी ती जागा पुन्हा घेतली. २०१० च्या पोटनिवडणुकीत लिबरल पक्षाचे केव्हिन लॅमरू आले. २०११ साली ते अवघ्या ४४ मतांनी टिकले. आणि त्यानंतर २०१५, २०१९, २०२१ व २०२५ या चारही निवडणुका त्यांनी जिंकल्या.

आमच्यापैकी काही जण याला मतदारांची कृतघ्नता म्हणतील. मी म्हणणार नाही. हे गृहस्थ वर्षानुवर्षे शनिवारी एका ठरलेल्या उपाहारगृहात बसतात. ज्याला कोणाला कागद दाखवावयाचा असेल, बहिणीचा व्हिसा अडला असेल, त्याने यावे. १९१९ च्या संपाची शताब्दी २०१९ साली झाली तेव्हा उलथणाऱ्या ट्रामचे एक लोखंडी शिल्प शहरात उभारले गेले. शिल्प चांगले आहे. पण मनिलाहून किंवा मोग्याहून आलेल्या कामगाराला ते शिल्प ओळखीचे कसे वाटावे? त्याला कोणी तरी जवळ बसवून सांगावयास हवे, की तुझ्या कारखान्यात तुझ्या युनियनशी मालकाला बोलावे लागते, ते या ट्रामपाशी दोन माणसे मेली म्हणून. वारसा रक्ताबरोबर येत नाही, तो सांगावा लागतो. ज्यांनी सांगावयाचे थांबविले त्यांची जागा गेली, यात नवल नाही.

आता यातून आपण काय घ्यावयाचे? १९२१ सालीच, वुड्सवर्थ निवडून गेले त्याच वर्षी, आपले ना. म. जोशी दिल्लीच्या कायदेमंडळात कामगारांचे प्रतिनिधी म्हणून गेले. फरक इतकाच, की जोशींना सरकारने नेमले होते. आपल्या कामगाराला मतच नव्हते. आज प्रत्येकाला मत आहे. तरीही माझा तीस वर्षांचा अनुभव असा, की गेटवर एका घोषणेने हात वर करणारे हजार कामगार मतदानाच्या दिवशी हजार वाटांनी जातात. कोणी जातीकडे, कोणी गावकीकडे, कोणी पाकिटाकडे, आणि पुष्कळ जण कोठेच जात नाहीत. नॉर्थ एंडमध्येही मतदानाचे प्रमाण आज देशाच्या सरासरीखाली असते. सर्वांत जास्त गरज ज्यांना आहे तेच घरी बसतात, ही गोष्ट कॅनडात जशी खरी तशीच आपल्या नळबाजारातही खरी.

विनिपेगच्या कामगारांनी हरल्यानंतर सहा महिने रडून काढले असते तर कोणी त्यांना दोष दिला नसता. त्यांनी मतदारयाद्या हाती घेतल्या. दोन माणसे पाठविली, त्यांना एक प्रश्न दिला, आणि त्या प्रश्नाचे उत्तर लेखी येईपर्यंत त्यांच्या पाठीशी उभे राहिले. इतकेच केले. आपल्या नगरपालिकेची निवडणूक येईल तेव्हा प्रत्येक उमेदवाराला एकच पत्र पाठवा. गटारांविषयी पाठवा, कंत्राटी सफाई कामगारांच्या पगाराविषयी पाठवा, वाटेल त्याविषयी पाठवा. पण उत्तर लेखी मागा, आणि ते कागद पाच वर्षे जपून ठेवा. कागद जपणारे मतदार कोणत्याही पुढाऱ्याला नकोसे असतात, आणि म्हणूनच ते हवेत.